कायदा घाईत होतो, तेव्हा ग्रामसभेनं जागं राहायचं

पहाटे मोहफुलं वेचायची, तेंदूपानं तोडायची, चारोळी, डिंक, सरपण आणायचं. ही सगळी कामं आपल्याच हातची. जंगल गेलं तर पहिली चूल आपली विझते. म्हणून आज आम्ही जंगलाच्या कायद्याविषयी बोलणार आहोत.

१९८० साली वनसंवर्धन कायदा झाला. जंगलाची जमीन खाण, धरण, कारखान्याला द्यायची, तर केंद्र सरकारची परवानगी लागते, असं तो सांगतो. पण जंगल कशाला म्हणायचं? १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कागदावर नोंद असो-नसो, मालक कोणीही असो, जंगल या शब्दाच्या साध्या अर्थात जे बसतं तेही जंगलच. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपलं जंगल राखायचा हक्क दिला.

२०२३ मध्ये १९८० चा कायदा बदलला. मार्चअखेर विधेयक लोकसभेत आलं. पर्यावरणाचे विषय बघणारी संसदेची स्थायी समिती होती, पण विधेयक तिच्याकडे न जाता वेगळ्या संयुक्त समितीकडे गेलं. २० जुलैला समितीचा अहवाल आला, बदल एकही नाही. काही सदस्यांनी विरोध लेखी नोंदवला. २६ जुलैला, मणिपूरवरून गदारोळ चालू असताना, थोडक्या चर्चेत लोकसभेनं ते मंजूर केलं. २ ऑगस्टला राज्यसभेनंही केलं. अहवालानंतर दोन आठवडेही लागले नाहीत.

बदललं काय? जी जमीन जंगल म्हणून जाहीर झालेली नाही आणि सरकारी नोंदीतही जंगल नाही, ती या कायद्याबाहेर गेली. देशाच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले राष्ट्रीय सुरक्षेचे रस्ते, रेल्वे यांनाही सूट मिळाली. सरकार म्हणतं, सुरक्षेसाठी आणि विकासासाठी हे हवं. रस्ता आपल्यालाही हवाच आहे. आमचा प्रश्न एवढाच, की ज्यांचं जगणं त्या जमिनीवर आहे, त्यांना विचारलं कधी?

त्याआधी २०२२ च्या नियमांनीही असंच केलं होतं. पूर्वी केंद्राच्या अंतिम मंजुरीआधी ग्रामसभेच्या संमतीचा कागद जोडावा लागे. नव्या नियमांनी वनहक्क पाळले की नाही हे बघायचं काम राज्यावर टाकलं, तेही केंद्राच्या मंजुरीनंतर. लग्न ठरवून, मांडव घालून मग मुलीला विचारायचं, तसं हे झालं.

नव्या कायद्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले. १९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, की तूर्त जंगलाचा १९९६ चाच अर्थ धरा.

विचारलं तर काय होतं, तेही ऐका. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा भरल्या. डोंगरिया कोंध आदिवासींचा तो देवाचा डोंगर. बाराही ग्रामसभा नाही म्हणाल्या आणि खाण थांबली. आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला.

मग आपण काय करायचं? वनहक्काच्या नियमात लिहिलंय, की ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. म्हणजे आपण गेलो नाही, तर ती सभा नियमानं भरलीच नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत गटानं तीन गोष्टी विचारा. आपल्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा दाखल आहे का? वनहक्क समितीत बाया किती? आपलं सरपणाचं, मोहाचं रान सरकारी नोंदीत जंगल म्हणून आहे का? ठराव वाचून घ्या, समजला तरच सही किंवा अंगठा करा आणि त्याची नक्कल गटाच्या फाईलला लावा.

दिल्लीतली घाई आपण थांबवू शकू की नाही, सांगता येत नाही. पण आपल्या ग्रामसभेत घाई होऊ द्यायची नाही, हे आपल्या हातात आहे. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.