विश्लेषण : जखमी जवानाला ‘मी का वाचलो?’ हा प्रश्न का छळतो?

आघाडीवरचा जखमी जवान रुग्णालयात पोहोचला की घरच्यांना वाटते, जिवावरचे संकट टळले. त्याच्या मनात मात्र अनेकदा वेगळेच चालू असते. तुकडी लढते आहे आणि आपण पलंगावर पडून आहोत, ही टोचणी त्याला स्वस्थ बसू देत नाही.

अपराधी भावना का येते?

शेजारचा साथीदार आपल्याला सांभाळेल आणि आपण त्याला, या भरवशावर तुकडी लढते. जखमेमुळे हा शब्द आपणच मोडला, असे जवानाला वाटू लागते. साथीदार शहीद झाला असेल, तर ‘तो गेला, मग मी का वाचलो?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. हा भित्रेपणा नव्हे; जिवाभावाच्या नात्याचीच ही दुसरी बाजू.

मग राग कोणावर?

बहुतेकदा स्वतःवर. पण निघतो तो घरच्यांवर, डॉक्टरांवर किंवा युद्धाचे आदेश देणाऱ्यांवर. सोबत झोप उडणे, दचकणे, तेच प्रसंग पुन्हा दिसणे असेल, तर ‘पीटीएसडी’ची शक्यता असते. या विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८०मध्ये स्वतंत्र नाव दिले.

पूर्वीही असे घडत होते?

हो. ब्रिटिश अधिकारी आणि कवी सिगफ्रीड ससून एप्रिल १९१७मध्ये जखमी होऊन मायदेशी परतले. संतापून त्यांनी युद्ध लांबवणाऱ्यांविरुद्ध जाहीर निवेदन काढले. त्यांना एडिनबर्गच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात पाठवण्यात आले. आठवणी दाबू नका, बोला, असे तिथले डॉ. रिव्हर्स रुग्णांना सांगत. सुरक्षित असूनही ससून यांना खंदकातले सहकारी आठवत राहिले. अखेर ते आघाडीवर परतले आणि जुलै १९१८मध्ये पुन्हा जखमी झाले.

उपाय काय?

समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे तर हवीतच. पण तोच अनुभव घेतलेल्यांची सोबत आणि नवे ध्येयही लागते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीत १९७४पासून पुनर्वसन केंद्र आहे. तिथे उपचारांबरोबर खेळांवरही भर असतो. १९६५च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२च्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले.

घरच्यांनी काय करावे?

‘नशीब समज, वाचलास’ असे म्हणू नये. साथीदारांविषयी तो बोलू लागला, तर मध्ये न तोडता ऐकावे. त्यांच्याशी फोनवर संपर्क राहू द्यावा. जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर थांबू नये. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.