ताई चीची तत्त्वे आणि तथागतांचे चंक्रमण

मोबाईलवर सध्या ताई चीचे व्हिडिओ खूप फिरतात. बागेत रांगेने उभी असलेली ज्येष्ठ मंडळी पाण्यात चालावे तशी सावकाश हात-पाय हलवताना दिसतात. यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी सामाजिक काम करताना विहारात आम्हाला याबद्दल दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ही बौद्ध साधना आहे का? आणि दिवसभर वावरात राबणाऱ्या माणसाला तिचा उपयोग काय?

ताई ची मुळात चीनमधील युद्धकला आहे. हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात तिला आकार आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज अनेक ठिकाणी शिकवला जाणारा २४ हालचालींचा सोपा क्रम १९५६ मध्ये तयार झाला. २०२० मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तिचा वैचारिक पाया यिन-यांग आणि ताओ विचारात आहे. म्हणजे ती बौद्ध साधना नव्हे. तरीही तिची तत्त्वे धम्माच्या अभ्यासकाला ओळखीची वाटतात.

चार मुख्य तत्त्वे

पहिले तत्त्व सैलपणाचे. खांदे, कोपरे, कंबर यांतला नको असलेला ताण सोडायचा. सैल म्हणजे ढिले पडणे नव्हे. उभे राहायला लागते तेवढेच बळ वापरायचे.

दुसरे, कणा सरळ आणि वजनाचे भान. पाऊल टाकताना एक पाय भरलेला, दुसरा रिकामा. वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसे जाते, हे प्रत्येक पावलाला जाणवले पाहिजे.

तिसरे, मन पुढे आणि शरीर मागे. हात उचलायच्या आधी लक्ष हातात पोहोचलेले असते.

चौथे, सलग संथ गती आणि सहज श्वास. श्वास कोंडायचा नाही, ओढायचा नाही. गती संथ असल्यामुळे मन कुठे निसटले ते लगेच कळते.

ज्येष्ठांचे पडण्याचे प्रमाण ताई चीमुळे कमी होते आणि गुडघेदुखीत आराम मिळतो, असे अनेक वैद्यकीय चाचण्यांत दिसून आले आहे.

आपल्या परंपरेत काय आहे?

सतिपट्ठान सुत्तात कायानुपस्सना सांगितली आहे. चालताना चालत असल्याचे, उभे असताना उभे असल्याचे भान ठेवावे. पुढे जाताना, मागे वळताना, हात-पाय आखडताना व पसरताना जागरूक असावे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे सजगपणे येरझारा घालण्याचे, पाच लाभ येतात: प्रवासाची ताकद, प्रयत्नाची ताकद, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. बोधगयेला गेलेल्यांनी महाविहाराशेजारचे चंक्रमण स्थळ पाहिलेच असेल.

सैलपणाबद्दल सोण भिक्षूची कथा पुरेशी बोलकी आहे. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मन मुक्त होईना. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तार फार ताणली तर वाजते का, फार सैल सोडली तर वाजते का, असे तथागतांनी त्याला विचारले. प्रयत्नही तसाच समतोल हवा, हे त्याला उमगले.

राबणे आणि साधना

आता दुसरा प्रश्न. कापूस वेचणारी बाई दिवसभरात शेकडो वेळा वाकते. तिला आणखी व्यायामाची गरज नाही. पण हात बोंडावर असतात तेव्हा मन बचत गटाच्या हप्त्यावर, पोराच्या फीवर, आलेल्या भावावर असते. शरीर इथे, मन तिथे. म्हणून रात्री अंग थकते, पण झोप येत नाही. मनाला 'गप्प बस' म्हटल्याने ते बसत नाही. त्याला शरीराचा आधार द्यावा लागतो. ताई ची आणि चंक्रमण दोन्ही हेच करतात.

यासाठी शिक्षक, गणवेश, पैसा काही लागत नाही. विहाराच्या आवारात किंवा अंगणात वीस पावलांची सपाट जागा निवडा. खांदे सैल सोडा, नजर थोडी पुढे जमिनीवर ठेवा. पाऊल उचलले, पुढे नेले, टेकले, वजन आले, एवढेच जाणत चाला. टोकाला थांबा, एक श्वास होऊ द्या, वळा. मन भरकटले तर रागावू नका. पुन्हा तळपायाकडे आणा. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. तोल जात असेल तर भिंतीजवळ चाला.

साधनेची मर्यादा

आपल्या चळवळीत एक रास्त शंका घेतली जाते: डोळे मिटून बसल्याने प्रश्न सुटतात का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म मूलतः सामाजिक असल्याचे स्पष्ट केले आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नसते. दोन माणसे एकत्र आली की ती लागते. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांना संरक्षक साधने आणि वेळेवर उपचार हवे होते. श्वासाचे भान तिथे पुरे पडले नसते. कर्ज, भाव आणि मजुरीचे प्रश्न संघटनेनेच सुटतील.

आजाराचेही तसेच. कुणाला जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याला 'ध्यान कर' एवढे सांगून घरी पाठवू नका. त्याच्याजवळ थांबा, आशाताईंना कळवा, जिल्हा रुग्णालयात न्या. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेला शासनाचा प्रेरणा प्रकल्पही याच गरजेतून आला.

मात्र संघटना चालवणारी माणसेही थकतात, चिडतात, एकमेकांवर तुटून पडतात. सभेत आवाज चढण्याआधी आपल्या आवळलेल्या मुठीचे भान आले, तर बरीच भांडणे तिथेच थांबतील. यंदाच्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर सगळ्यांनी मिळून दहा मिनिटे चंक्रमण करून पाहावे. कालाम सुत्ताच्या शिकवणीप्रमाणे आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. महिनाभर करा, हितकारक वाटले तरच पुढे चालू ठेवा.