भरतीच्या वेळी रोहित कोठे जातात?

नवी मुंबईत राहणाऱ्या वाचकांना रोहित पक्ष्याची, म्हणजेच फ्लेमिंगोची, ओळख करून द्यायला नको. हिवाळ्यात ठाणे खाडीच्या काठाने त्यांचे गुलाबी थवे उतरतात आणि मे महिन्यापर्यंत मुक्काम ठोकतात. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? ओहोटीच्या वेळी चिखलात शेकड्यांनी उभे असलेले हे पक्षी भरती चढू लागली की तेथून नाहीसे होतात. ते जातात तरी कोठे?

याचे उत्तर त्यांच्या चोचीत आहे. रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून चरतो. चोचीच्या कडांना बारीक चाळणी असते. जिभेने पाणी आत ओढून बाहेर लोटले की सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ त्या चाळणीत अडकते. लहान रोहिताचे हेच मुख्य अन्न आणि पिसांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. असे चरायला पाणी उथळ हवे. भरतीने खाडीतला चिखल बुडाला की थवे उठतात आणि काठाजवळच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. सीवूड्सजवळचे सुमारे ३० एकरांचे डीपीएस तळे ही अशीच एक जागा.

हा प्रश्न केवळ आपल्या गावचा आहे, असे मात्र समजू नका. २०२२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथील सहा रोहितांवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रे बसवली. त्यांतल्या एकाचे नाव चक्क ‘नवी मुंबई’ ठेवले होते! ‘हुमायून’ नावाचा दुसरा पक्षी पावसाळ्यात गुजरातेत गेला आणि पुढे परतही आला. खाडीवरचे काही छोटे पाणपक्षी तर थेट सायबेरियाकडून येतात. मग त्यांचे रक्षण एकट्या देशाने कसे करावे?

म्हणूनच २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक सभासद राष्ट्राने आपल्या महत्त्वाच्या पाणथळ जागा स्वतःहून यादीत घालायच्या आणि त्यांचे मूळ स्वरूप टिकवायचे, असे त्याचे सूत्र आहे. यादीत येण्याची एक कसोटी म्हणजे तेथे नियमितपणे २०,००० पाणपक्षी यावेत. भारत १९८२ मध्ये सभासद झाला आणि ठाणे खाडी २०२२ मध्ये यादीत आली. क्षेत्र सुमारे ६,५२१ हेक्टर. स्थलांतरी प्राण्यांसाठी बॉनचा १९७९ चा आणि वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा वॉशिंग्टनचा १९७३ चा, असे आणखी दोन करार आहेत. रोहितांची नावे त्या दोन्हींच्या परिशिष्टांत आहेत.

इतके सगळे असून डीपीएस तळे मात्र रामसरच्या रेषेबाहेर राहिले. रेषा माणसाने नकाशावर काढलेली, भरतीला आणि पक्ष्याला ती ठाऊक नसते. २०२४ मध्ये या तळ्यात खाडीचे पाणी येण्याची वाट बुजली, तळे सुकत गेले आणि त्या उन्हाळ्यात काही रोहित मेले.

अशा वेळी करार काय करतो? त्याच्याजवळ पोलीस नाहीत, न्यायालय नाही. यादीतली जागा बिघडली तर तिचे नाव ‘माँत्रो नोंद’ नावाच्या दुसऱ्या यादीत चढते, आणि साऱ्या जगाला ते दिसते. यादीबाहेरच्या तळ्याला तोही आधार नाही. ही लाज अगदीच निरुपयोगी असते असे नाही. ओडिशातील चिलिका सरोवर १९९३ मध्ये त्या नोंदीत गेले. गाळाने त्याचे समुद्राशी असलेले तोंड बंद होत आले होते. २००० मध्ये नवे मुख उघडून समुद्राचे पाणी पुन्हा आत घेतले आणि २००२ मध्ये नाव उतरले. पाण्याची वाट मोकळी करणे, एवढाच काय तो उपाय! नेरुळलाही गरज त्याचीच होती.

तळ्याचे रक्षण मग देशी कायद्यानेच करावे लागते. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली.

भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात मिळतात. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पूर्ण भरतीच्या तासभर आधी मोठ्या माणसांबरोबर खाडीकाठी जा. थवे कोणत्या दिशेला वळतात, किती वाजता वळतात आणि किती पक्षी कोठे उतरतात, ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते पाहा, आणि तशा किती जागा होतात ते मोजा.