दारिद्र्याची ग्रामीण कल्पना

दारिद्र्य कशास म्हणावे, या प्रश्नाचे अर्थशास्त्रीय उत्तर बहुधा आहार व खर्च यांच्याशी निगडित असते. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दरडोई दररोज २२५० उष्मांकांचा आहार हा दारिद्र्यरेषेचा आधार मानला; १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० उष्मांकांचे प्रमाण ठरविले. अशा रेषेमुळे दरिद्री जनतेची गणना शक्य होते. परंतु ज्यांची गणना करावयाची ते स्वतः आपल्या स्थितीची पारख कशी करतात, हे तिच्यावरून कळत नाही.

या प्रश्नाचा शोध एन. एस. जोधा यांनी राजस्थानातील दोन खेड्यांत घेतला. १९६०-७० या दशकात पाहणी झालेल्या कुटुंबांकडे ते सुमारे वीस वर्षांनी पुन्हा गेले, व १९८८ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. आर्थिक स्थितीतील बदल ओळखण्यासाठी ग्रामस्थांनी ३८ गमके सांगितली. ज्या ३६ कुटुंबांचे दरडोई वास्तव उत्पन्न ५ टक्क्यांहून अधिक घटले होते, ती यांपैकी ३७ गमकांनुसार सरासरीने पूर्वीपेक्षा सुस्थितीत आढळली.

हा विरोध गमकांचे स्वरूप पाहिल्यास उलगडतो. घरातील कोणी धन्याकडे बांधील मजूर आहे काय, कुटुंब धन्याच्या जागेत राहते काय, पेरणीचे बियाणे त्याच्याकडून उसने आणावे लागते काय, नियमितपणे पादत्राणे वापरता येतात काय, माणसे व गुरे यांना निराळा निवारा आहे काय, अशी ती होती. त्यांतील कित्येकांचा रोख मिळकतीपेक्षा पराधीनतेवर आहे. सालगड्याचे जीवन ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांस याचा अर्थ सहज कळेल.

अपवाद ठरले ते एकच गमक, दुधाचे. गावातील दूध अधिक प्रमाणात बाहेर विकले जाऊ लागल्याने घरातील वापर घटला होता. म्हणजे उत्पन्नाच्या हिशेबात जी जमेची बाजू, तीच ग्रामस्थांच्या हिशेबात उणी ठरली.

दोन खेड्यांवरून सर्वसाधारण सिद्धान्त मांडता येणार नाही, आणि अपुऱ्या आहाराची गणनाही सोडून देता येणार नाही. तथापि केवळ उत्पन्न पाहणाऱ्यास ही ३६ कुटुंबे अधिक दरिद्री झालेली दिसली असती, व धन्याच्या अंगणातून त्यांची झालेली सुटका त्याच्या नोंदवहीत कोठेच आली नसती. म्हणून दारिद्र्याच्या पाहणीत ग्रामस्थांची गमके आरंभीच विचारून घेणे इष्ट होय.