अक्कलदाढेची गोष्ट

देशात अक्कलदाढ दुखली की आजी लवंग दाढेखाली धरायला सांगायची. गाल सुजायचा, चार दिवसांनी उतरायचा. इथे अमेरिकेत मात्र कॉलेजला जाण्याआधी चारही अक्कलदाढा काढून टाकणं म्हणजे जणू सतरावा संस्कार! गेल्या उन्हाळ्यात आमच्या कन्येची पाळी आली.

एक्स-रेवर खालची उजवी दाढ चक्क आडवी झोपलेली, शेजारणीला डोकं टेकून. तिच्यावरची हिरडी दोनदा पिकली होती. बाकीच्या तिघी गप्प. डॉक्टर म्हणाले, "चारही काढू, एकदाच भूल." आम्ही पडलो इंजिनिअर, न बिघडलेला पार्ट का काढायचा? वाचलं तेव्हा कळलं, हा वाद जुनाच. ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेने २००० साली, त्रास न देणाऱ्या अडकलेल्या दाढा काढू नका, असं सांगितलं. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशननेही २००८ साली तशीच भूमिका घेतली. इथले सर्जन म्हणतात, तरुणपणी मुळं अपुरी असतात, जखम लवकर भरते. तेही खोटं नाही.

आमची झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीला जाणारी नस असते. दाढेचं मूळ तिच्यावर टेकलेलं दिसत होतं. नस दुखावली तर ओठ बधिर, क्वचित कायमचा. आणि कन्या शाळेच्या बँडमध्ये फ्लूट वाजवते! दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी थ्री-डी स्कॅन काढला. नस आणि मूळ यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा निघाला. ती एकच दाढ, तुकडे करून काढायची ठरली. बाकीच्यांवर दरवर्षी नजर.

बाहेर बसल्या बसल्या हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स आठवले. ११ डिसेंबर १८४४ रोजी लाफिंग गॅस हुंगून त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःचीच अक्कलदाढ उपटून घेतली होती. धन्य तो माणूस!

घरी आल्यावर मऊ भात, कोमट वरण. स्ट्रॉ बंद, चोखलं तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघते, हाड उघडं पडतं आणि मग काय ती कळ! गुंगीच्या गोळ्या आम्ही आणल्याच नाहीत, आयबुप्रोफेन आणि टायलेनॉलवर भागलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा २०२४ चा सल्लाही तोच आहे.

ओठाला मात्र तीन आठवडे मुंग्या होत्या. चौथ्या आठवड्यात बेसमेंटमधून फ्लूटचा सूर आला, जरा फुसकाच. आम्ही दोघं जिन्यात उभे राहून ऐकत होतो.