फॅनीचे बारा महिने

आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग नामदेवगाथेत छापलेले असतात, तरी ते कोणाचे असा प्रश्न वाचकाला पडत नाही. शेवटच्या चरणात जनी आपले नाव गुंफून ठेवते. पोथी बदलली, संपादक बदलला, तरी नाव ओळीबरोबर चालत येते. पण जिथे शब्दच नाहीत, नुसते सूर आहेत, तिथे बाईने आपली नाममुद्रा ठेवायची कुठे? फॅनी हेन्झेल या जर्मन पियानोवादक-संगीतकार बाईंच्या छोट्या रचनांच्या मागे मी गेली काही वर्षे आहे, ती या प्रश्नापायी.

माहेरचे आडनाव मेंडेल्सोन. जन्म १८०५, हॅम्बुर्ग. प्रसिद्ध संगीतकार फेलिक्स हा तिचा सव्वातीन वर्षांनी धाकटा भाऊ. शिक्षण दोघांचे सारखेच झाले. मात्र ती चौदा वर्षांची असताना, १८२० मध्ये, वडिलांनी तिला पत्रातून बजावले की संगीत हा फेलिक्सचा व्यवसाय होऊ शकेल, तुझ्यासाठी तो दागिनाच राहील. तिने साडेचारशेच्या वर रचना केल्या. त्यांतली सहा गीते फेलिक्सच्या दोन संग्रहांत फेलिक्सच्याच नावाने निघाली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांतलेच एक त्याच्यासमोर आवडीने गायले, तेव्हा ते बहिणीचे असल्याचे त्याला कबूल करावे लागले. कबूल केले, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

गीतांचे निदान असे झाले. शब्दांविना असलेल्या ‘ईस्टर सोनाटा’ची कथा याहून लांबली. १८२८ ची ही पियानोरचना. हस्तलिखित १९७० मध्ये पॅरिसमध्ये सापडले. त्यावर आडनाव होते आणि त्याआधी एकच आद्याक्षर. रोमन लिपीत फॅनी आणि फेलिक्स यांचे आद्याक्षर एकच! १९७२ मध्ये ध्वनिमुद्रण निघाले ते फेलिक्सच्या नावाने. २०१० मध्ये अँजेला मेस या अमेरिकन संशोधिकेने हस्तलिखित तपासून ते फॅनीचे असल्याचे दाखवले, आणि ८ मार्च २०१७ रोजी लंडनमध्ये ती रचना तिच्या नावाने वाजली. सूर तेच होते, पण ते कोणाचे हे सुरांना सांगता येत नव्हते.

म्हणूनच ‘वर्ष’ ही १८४१ ची रचना मला महत्त्वाची वाटते. बारा महिन्यांचे बारा तुकडे आणि शेवटी एक उपसंहार. उत्तरेकडचा बारामासा आठवावा, पण इथे विरहिणी नाही. आदल्या दोन वर्षांत फॅनी नवरा आणि मुलासह इटलीत राहून आली होती, त्या प्रवासाच्या आठवणी यात आहेत. फेब्रुवारीत कार्निव्हलची धमाल आहे. आपल्याकडे महिना म्हटला की सण आठवतो, तसे तिचेही आहे: मार्चमध्ये ईस्टरचे, डिसेंबरमध्ये नाताळचे असे तिथल्या घराघरांत पाठ असलेले भजन मध्येच येते. कीर्तनकाराने बोलता बोलता ओळखीची चाल धरावी आणि श्रोत्यांनी मान डोलवावी, तसे.

‘सप्टेंबर’ जरा थांबून ऐकण्यासारखा आहे. त्याचे उपशीर्षक ‘नदीकाठी’. आता पियानोची अडचण अशी की हातोडी तारेवर आपटते आणि सूर त्या क्षणापासून विझू लागतो. पेटीचा भाता चालू आहे तोवर सूर धरून ठेवता येतो; पियानोत ती सोय नाही. मींड तर दोन्हींत नाही. मग पियानोवर ‘गायचे’ कसे? फॅनी चाल मधल्या सप्तकात ठेवते आणि तिच्याभोवती बारीक, धावत्या सुरांचे अखंड पाणी सोडते. चालीचा एक सूर विझत असतो तेव्हा भोवतालचे पाणी वाहतच असते, आणि कानाला वाटते की गाणे तुटलेच नाही. मी स्टाफ नोटेशन पुस्तकांवरून शिकले. पण हे कागदावर कळण्याआधी कानाला कळले होते. परभणीत पियानो शोधायला जाऊ नये, मोबाइल पुरतो.

या संग्रहाची शुद्ध प्रत तिने नाताळची भेट म्हणून नवऱ्याला दिली. तुकडे रंगीत कागदांवर लिहिलेले. नवरा विल्हेल्म चित्रकार. त्याने प्रत्येक महिन्याला छोटे चित्र काढले. शिवाय प्रत्येक तुकड्यावर एखाद्या कवीच्या ओळी. ‘सप्टेंबर’वर गटेच्या चंद्रावरील कवितेतल्या, नदीला उद्देशून असलेल्या ओळी आहेत. मला ही नुसती सजावट वाटत नाही. हा तुकडा काय आहे, कसा ऐकावा, हे रचनाकर्तीने स्वतः सांगितलेले आहे. जनीचे नाव चरणात आहे. फॅनीची मुद्रा कागदाच्या रंगात, चित्रात आणि त्या ओळींत आहे.

पण मुद्रा सुरांपासून सुटी असली की हरवते. १८४६ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, फॅनीने अखेर स्वतःच्या नावाने छापायला सुरुवात केली. तेव्हा ‘सप्टेंबर’ पियानोच्या चार गीतांतले दुसरे म्हणून आले. म्हणजे नाव मिळाले ते वर्षाची सोबत सुटल्यावर. पुढच्याच वर्षी १४ मे रोजी, घरच्या मैफलीची तालीम घेताना ती कोसळली आणि त्याच दिवशी गेली. संपूर्ण ‘वर्ष’ छापायला १९८९ उजाडले, तेही आधीच्या खर्ड्यावरून. त्यात चित्रे नव्हती, ओळीही नव्हत्या. रंग, चित्रे आणि ओळींसह शुद्ध प्रतीची हुबेहूब आवृत्ती निघाली ती २००० मध्ये.

यूट्यूबवर आज बहुतेक ठिकाणी हे तुकडे सुटे सुटेच मिळतात. ऐकायचेच तर ‘सप्टेंबर’पासून सुरुवात करावी. पहिल्यांदा पाणीच ऐकू येईल. दुसऱ्यांदा ते तसेच वाहू द्यावे आणि मधली चाल धरावी.