गॉब्लिन व एल्फ यांच्या विनोदी अद्भुतकथा : आकर्षणाचे स्वरूप

१

अद्भुतकथेचा विचार करताना तिच्यातील चमत्काराकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे तिच्यातील विनोदाकडे दिले जात नाही. विनोद हा अद्भुताला चढवलेला वरवरचा साज आहे, किंवा बालवाचकाची भीती घालवण्याची ती एक युक्ती आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. उत्तर युरोपातील लोकसमजुतींतून उगम पावलेल्या आणि पुढे इंग्रजी कथावाङ्मयात स्थिरावलेल्या गॉब्लिन व एल्फ यांच्या कथांबाबत तर हे गृहीत विशेष प्रचलित आहे. परंतु गेली दोन शतके या कथा मुलांबरोबर प्रौढही आवडीने वाचत आले आहेत. भीती कमी करणे एवढेच या विनोदाचे कार्य असते, तर मुळात न भिणारा प्रौढ वाचक त्यांच्याकडे वळला नसता. म्हणून या कथांतील विनोद नेमके कोणते कार्य करतो आणि त्यांतून जाणवणारी माणुसकीची ऊब कोठून येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम या दोन संज्ञांविषयी. गॉब्लिन म्हणजे जमिनीखाली, खाणींत वा पडक्या जागी राहणारा, खुजा, कुरूप आणि खोडकर जीव. एल्फची प्रतिमा दुहेरी आहे : काही कथांत तो घरकामात मदत करणारा बोटभर माणूस असतो, तर काहींत उंच, देखणा, दीर्घायुषी वनवासी. या जीवांना मराठीत नेमका प्रतिशब्द नाही आणि त्याला कारण आहे. मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मसमंध ही आपल्याकडील भुते बहुधा मेलेल्या माणसांची असतात आणि त्यांच्या कथा अपुऱ्या राहिलेल्या वासनांच्या असतात. गॉब्लिन व एल्फ हे मृतात्मे नव्हेत. ती माणसांच्या शेजारी राहणारी, स्वतःचे राजे, कारागिरी आणि रीतिरिवाज असलेली निराळी जमात आहे. त्यामुळे भूतकथेत प्रश्न उभा राहतो तो एका व्यक्तीच्या गतायुष्याचा, आणि या कथांत उभा राहतो तो दोन समाजांच्या शेजारधर्माचा. श्रम कोणी करायचे, मोबदला कोणता, जमीन कोणाची, कर कोणी लादले, हे प्रश्न म्हणूनच या कथांत वारंवार डोकावतात. त्यांतील विनोदही याच पार्श्वभूमीवर तपासावा लागतो.

२

भरताच्या नाट्यशास्त्रात विकृत आकार, विकृत वेष, विकृत वाणी ही हास्याची कारणे सांगितली आहेत. या दृष्टीने पाहता गॉब्लिन हा हास्याचा आयता विभाव ठरतो. मात्र हीच विकृती किंचित गडद केली की ती बीभत्साचा विभाव होते. आणि बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते, असे भरतानेच म्हटले आहे. म्हणजे हसू, किळस आणि भीती या तिन्ही प्रतिक्रिया एकाच रूपावर उभ्या राहू शकतात. कोणती प्रतिक्रिया जागी व्हावी, हे त्या जिवाच्या रूपावर अवलंबून नसून त्याच्याकडे पाहणाऱ्या निवेदकाच्या दृष्टीवर अवलंबून असते.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले आहेत. स्वतः हसतो तेव्हा आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तेव्हा परस्थ. या भेदाचा थोडा विस्तार केला, तर गॉब्लिनकथांच्या विकासाचे एक सूत्र हाती येते. जो केवळ हसवतो तो पात्र म्हणून वस्तूच राहतो. जो स्वतः हसू शकतो, दुसऱ्यातील विसंगती ओळखू शकतो, तो व्यक्ती होतो. गॉब्लिनाचा ‘हसवणारा’ ते ‘हसणारा’ असा प्रवास आणि त्याच वेळी माणसाचा ‘हसणारा’ ते ‘हसवणारा’ असा उलट प्रवास जेथे घडतो, तेथेच या कथांतील विनोद सहृदय होतो. पुढील उदाहरणांतून हे सूत्र तपासता येईल.

३

ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ मधील पहिल्या खंडात चांभाराला मदत करणाऱ्या खुज्यांची कथा आहे. गरीब चांभाराकडे एकाच जोडापुरते कातडे उरलेले असते. तो ते रात्री कापून ठेवतो आणि सकाळी जोडा शिवून तयार असतो. गिऱ्हाईक चांगली किंमत देते. त्यातून दोन जोडांचे कातडे येते, मग चारांचे. नाताळच्या सुमारास नवराबायको लपून पाहतात, तर दोन उघडे-नागडे खुजे जीव भराभर टाके घालीत असतात. बायकोला त्यांची कणव येते. ती त्यांच्यासाठी कपडे शिवते आणि नवरा छोटे जोडे करतो. ती भेट पाहून खुजे हरखतात, कपडे घालून नाचतात, आता आपण साहेब झालो, मग चांभारकी कशाला, असे गात दाराबाहेर पडतात आणि पुन्हा येत नाहीत. चांभाराचे मात्र पुढेही बरे चालते.

या कथेतील विनोद शेवटच्या नाचात आहे. खुजे स्वतःच्या नव्या रूपावर स्वतःच खूश होतात. तेथे हसणारे ते आहेत आणि त्यांच्या आनंदाला वाचकाचे हसू जोड देते. विशेष म्हणजे निवेदक त्यांच्या निघून जाण्याला कृतघ्नपणा म्हणत नाही. फुकट मिळणारे श्रम संपले तरी चांभार तक्रार करीत नाही. कपडे मिळताच सेवक मुक्त होतो, ही कल्पना ब्रिटिश बेटांतील घरगुती खुज्यांच्या समजुतींतही आहे आणि जे. के. रोलिंग यांच्या १९९८ मधील दुसऱ्या हॅरी पॉटर कादंबरीत एका मोज्यामुळे डॉबी या एल्फची सुटका होते, तेथेही तीच कल्पना आहे. मात्र २००० मधील चौथ्या कादंबरीत एल्फांच्या हक्कांसाठी हर्मायनी संघटना काढते, तेव्हा तिचे सोबतीच तिची थट्टा करतात. येथे हसण्याची दिशा डळमळते : गुलामी हास्यास्पद आहे की गुलामीला विरोध करणे, याबाबत कथा वाचकाला काहीशी संभ्रमात ठेवते.

या संदर्भात कोकण-गोव्यातील वेताळाच्या उपासनेची आठवण होते. काही गावांत वेताळाला चामड्याच्या वहाणा अर्पण करतात आणि रात्री गावाची फेरी घालताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. अदृश्य शेजाऱ्याला पादत्राण देणे ही कृती दोन्हीकडे सारखी आहे. तिचा अर्थ मात्र वेगळा आहे. वेताळाच्या झिजलेल्या वहाणा नाते चालू असल्याची खूण ठरतात, तर जर्मन कथेतील जोडे नाते संपवतात. एकीकडे राखणीचा करार आहे, दुसरीकडे श्रमातून मुक्ती. परक्या जिवाच्या कष्टांची दखल घेतली पाहिजे, ही जाणीव मात्र दोहोंत समान आहे.

४

चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) या कादंबरीत गॅब्रिएल ग्रब या थडगी खणणाऱ्या माणसाची उपकथा येते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी इतरांच्या आनंदावर चिडून तो थडगे खणत बसलेला असताना गॉब्लिनांचा राजा तेथे अवतरतो. तो ग्रबला हसतो, लाथा मारतो, भूगर्भात नेतो आणि साध्या माणसांच्या सुखदुःखांची दृश्ये दाखवतो. येथे हसणारा गॉब्लिन आहे आणि हास्यास्पद ठरतो तो तुसडा माणूस. या उलथापालथीतून कथेला मिळणारी ऊब पुढे १८४३ मधील ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये अधिक व्यापक झाली. मात्र डिकन्सचा गॉब्लिन हा माणसाच्या सुधारणेचे साधन आहे. त्याला स्वतःचा इतिहास नाही.

तो इतिहास जॉर्ज मॅकडोनल्डच्या ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ (१८७२) या कादंबरीत येतो. कठीण डोकी आणि बोटे नसलेली मऊ पावले, असे त्यातील गॉब्लिनांचे विनोदी रूप आहे. पायावर पाय दिला की ते हतबल होतात आणि गाणे त्यांना सोसवत नाही. वरवर पाहता ते केवळ हसवणारे आहेत, राजकन्येला पळवण्याचा कट करणारे खलपुरुषही आहेत. पण हे लोक एके काळी जमिनीवरच राहत होते. राजाने लादलेले कर वा सक्तीचे आचार असह्य झाल्याने ते भूगर्भात गेले, अशी आख्यायिका निवेदक सुरुवातीलाच सांगतो. त्यांची कुरूपता जन्मजात दुष्टपणाची खूण न राहता निर्वासनाचा परिणाम ठरते. कादंबरीच्या शेवटी उरलेल्या गॉब्लिनांची डोकी व हृदये मऊ होतात, पावले कणखर होतात आणि ते माणसांशी सलोख्याने वागू लागतात. शरीराचा विनोद येथे नैतिक परिवर्तनाची भाषा बनतो.

५

टॉल्किनच्या ‘द हॉबिट’ (१९३७) या कादंबरीमुळे या सूत्राला एक महत्त्वाची मर्यादा घालावी लागते. तेथे एल्फ हसतात, ड्वार्फांच्या दाढ्यांची थट्टा करीत गातात; परंतु गॉब्लिनही हसतात आणि त्यांचे हसणे क्रूर आहे. तेव्हा केवळ हसता येणे हे सहृदयतेचे प्रमाण होऊ शकत नाही. हातरुमाल न घेताच घराबाहेर पडलेला आणि त्याबद्दल हळहळणारा बिल्बो हा नायक वाचकाला जवळचा वाटतो, कारण तो स्वतः हसण्याचा विषय होऊ शकतो. एल्फराजाचा कोठारप्रमुख मद्य पिऊन झोपी जातो आणि कैदी पिंपांतून निसटतात, तेव्हा भव्य एल्फही क्षणभर घरगुती होतात. ज्याला हसता येते आणि ज्याच्यावर हसता येते, तोच या कथाविश्वात शेजारी ठरतो. गॉब्लिनांना मात्र टॉल्किन हा दुसरा अधिकार देत नाही.

टेरी प्रॅचेट यांनी हा धागा नेमका पकडला. ‘लॉर्ड्स अँड लेडीज’ (१९९२) या कादंबरीत एल्फ अत्यंत सुंदर आहेत आणि तितकेच निर्दय. दुसऱ्याच्या वेदनेत त्यांना करमणूक वाटते. त्यांच्या मोहिनीपुढे माणसाला स्वतःची लाज वाटू लागते. सौंदर्य म्हणजे चांगुलपणा, हा अद्भुतकथेचा जुना संकेत येथे उपहासाचा विषय होतो आणि ग्रॅनी वेदरवॅक्स ही हट्टी, रोखठोक म्हातारी चेटकीण त्या मोहिनीपुढे उभी राहते. हसणारे पण स्वतःवर न हसणारे एल्फ हे एकतर्फी हास्याचे टोक होय.

याची दुसरी बाजू ‘स्नफ’ (२०११) या कादंबरीत दिसते. गॉब्लिनांना तेथे उपद्रवी प्राण्यांचा दर्जा आहे. त्यांच्या हत्येला कायद्यात गुन्हाच मानले जात नाही, त्यांना पकडून तंबाखूच्या मळ्यांवर राबायला पाठवले जाते. सुट्टीवर आलेला पोलीस अधिकारी सॅम व्हाइम्स एका गॉब्लिन मुलीच्या खुनाचा तपास हाती घेतो. गॉब्लिन आपल्या देहातील काही त्याज्य द्रव्ये सुंदर घडवलेल्या लहान भांड्यांत जपून ठेवतात. त्यांच्या दृष्टीने तो धर्म आहे. सुरुवातीला वाचकाला या रूढीचे हसू येते, किंचित किळसही वाटते. पण भांड्यांची कारागिरी पाहता पाहता तेच हसू प्रतिष्ठित जमीनदार आणि त्यांच्या सोयीस्कर न्यायावर येऊन पडते. स्टिंकी हा गॉब्लिन तर आपल्या तिरकस बोलण्याने व्हाइम्सचीच फिरकी घेत राहतो. बीभत्साच्या विभावातून भयानकाकडे न जाता करुणेकडे जाण्याचा हा मार्ग आहे आणि विनोद त्या मार्गावरील सोबती आहे.

तरीही या कादंबरीपुढे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. शेवटी एका गॉब्लिन मुलीचे हार्पवादन ऐकून शहरातील उच्चभ्रूंची मने पालटतात आणि गॉब्लिनांना कायद्याचे संरक्षण मिळते. म्हणजे माणूस म्हणून मान्यता मिळवण्यासाठी उपेक्षिताने आधी कलेची परीक्षा द्यावी काय? प्रतिष्ठा ही गुणवत्तेचे बक्षीस नसून जन्मसिद्ध हक्क आहे, हे दलित साहित्याने मराठी वाचकाच्या जाणिवेत रुजवले आहे. त्यामुळे हा प्रसंग त्याला सहजी पटणार नाही. प्रॅचेटच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, व्हाइम्स त्या मैफलीची वाट पाहत नाही. त्याच्या लेखी खून झाला आहे, एवढेच तपासाला पुरेसे असते. मैफल उच्चभ्रूंसाठी आहे आणि त्यांना संगीताची गरज पडावी, हीच त्यांच्यावरील टीका आहे.

६

कॅथरीन ॲडिसन यांच्या ‘द गॉब्लिन एम्परर’ (२०१४) या कादंबरीत मोठा विनोद नाही. मंद स्मित मात्र सर्वत्र आहे. एल्फ बाप आणि गॉब्लिन आई यांचा दुर्लक्षित मुलगा माया हा वडील व भाऊ अपघातात गेल्याने अचानक सम्राट होतो. दरबारी रीतींपुढे त्याची होणारी तारांबळ आणि सणाच्या दिवसांत आलेल्या गॉब्लिन आजोबांचा मोकळाढाकळा वावर यांतून हे स्मित उमलते. या कादंबरीत औपचारिक बोलण्यात प्रथमपुरुषी अनेकवचन, जवळिकीत एकवचन आणि सलगीचे जुने द्वितीयपुरुषी रूप योजलेले आहे. आजच्या इंग्रजी वाचकाला हा भेद शिकावा लागतो. तू, तुम्ही, आपण यांच्या छटांत वाढलेल्या मराठी वाचकाला मात्र सम्राटाचे एकाकीपण त्याच्या सर्वनामातच ऐकू येते. ज्याला ‘तू’ म्हणणारे कोणी उरले नाही, त्याची थट्टा करणारेही कोणी उरत नाही. थट्टा ही समानतेची खूण आहे, हे येथे भाषेच्या पातळीवर सिद्ध होते.

मराठीत द. मा. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’ या कथेत भूत असे नसतेच. ते माणसांच्या बोलण्यातून जन्माला येते आणि विनोदाचा सारा रोख माणसांवर राहतो. दिशेच्या दृष्टीने ही कथा उपरोक्त परंपरेच्या जवळची आहे. फरक इतकाच की, आपल्या विनोदी भूतकथेला भुताचे नसणे दाखवायचे असते, तर गॉब्लिनकथेला परक्याचे असणे मान्य करायचे असते.

सारांश, या कथांचे आकर्षण केवळ चमत्कृतीत वा भीतीच्या शमनात शोधणे अपुरे ठरते. कुरूप, खुज्या, निराळ्या जिवाला हसत हसत पाहायला सुरुवात करणारा वाचक हळूहळू स्वतःच्या पाहण्याला हसू लागतो आणि समोरचाही आपल्याला हसतो आहे, हे त्याला खुपत नाही. जेथे ही परस्परता सांभाळली जाते तेथे कथा ऊबदार होते. जेथे ती सुटते तेथे विनोद एक तर हिणवणारा होतो किंवा दयेत विरघळतो. या प्रकारातील कोणतीही नवी कथा वाचताना व वर्गात शिकवताना प्रथम विचारावयाचा प्रश्न असा : यात हसते कोण, आणि कोणाला?